आंबवेळच्या विहिरीचं पाणी

१४ नोव्हेंबर

आजपासून मी बोलायचं आणि निकितानं लिहायचं असं ठरलं आहे. तिच्या कॉलेजच्या मॅडमनी सांगितलं, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, रोज एक पान लिहीत जा. काय लिहावं म्हणून पोरगी आठ दिवस कोरी वही घेऊन घरभर फिरली. मी म्हटलं, मी बोलते, तू लिही. तुझं अक्षर सुधरेल, माझं पोट हलकं होईल. अट एकच, वही माझ्या पेटीत राहील आणि किल्ली माझ्या कमरेला.

मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. वाचून दाखवते तेव्हा पावडर लावून फोटोला बसवल्यासारखं वाटतं. माणसांचं आपसातलं बोलणं तेवढं आहे तसं ठेवते. मला वाचता येत नाही, तेव्हा ती काय लिहिते ते तिला आणि देवालाच ठाऊक.

तर सांगायचं असं. माझा नातू ऋषिकेश, म्हणजे निकिताचा मोठा भाऊ, मास्तर झाला. नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्राकाठी. आमच्या मालेगावचा माणूस वाशीमला कामाला निघाला तरी घरचे डबा बांधून देतात आणि फाट्यापर्यंत पोचवायला जातात. हा तर दोन दिवसांच्या वाटेवर गेला. पावसाळा त्यानं एका खोलीत चार मास्तरांबरोबर काढला. आता बायकोला, वर्षाराणीला न्यायचं तर घर हवं. शाळेच्या एका अंगाला आंबवेळ गाव, दुसऱ्या अंगाला खारवली. दोन्हीकडून शाळा सारखीच लांब, भाडंही सारखंच. म्हणून दिवाळीच्या सुटीत तो मला आणि वर्षाराणीला घेऊन गेला. म्हणाला, "आजी, तू पसंत करशील तिथं राहू. पुढं तुलेई तिथंच यायचं आहे."

ह्या पोरांची आई गेली तेव्हा ऋषिकेश नऊ वर्षांचा होता, निकिता तीन. मीच वाढवलं. माझा मुलगा शालिग्राम वावरात राबतो, घरात शब्द माझा चालतो. पण मला नेलं ते मानासाठी नाही, जिभेसाठी.

माझं माहेर खारपाणपट्ट्यातलं, अकोल्याच्या पलीकडचं. तिथल्या विहिरी खाऱ्या. डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही. त्या पाण्यावर वाढलेली जीभ घडाभर पाण्यातलं चिमूटभर मीठ ओळखते. म्हणून आमच्या गावात कुणाची मुलगी द्यायची असली की सोयरिकीच्या बोलण्याआधी त्या गावचं पाणी आणून मला चाखवतात. मी गोड म्हटलं तर पुढचं बोलणं होतं. मी मचूळ म्हटलं तर पाहुण्यांनी चहासुद्धा न घेता उठायचं. चाळीस वर्षांत माझी जीभ चुकली नाही.

खारवली खाडीच्या काठाला आहे. सपाट, मोकळं, भाताची खाचरं. आपल्याकडच्यासारखं वाटतं. घराला लागून विहीर, पाणी गोड. आंबवेळ डोंगराच्या उतारावर. जांभ्या दगडाचं घर, अंगणात उभं राहिलं की समोर सगळा समुद्र. मालकीण द्वारकाकाकू, माझ्याहून थोडी लहान, एका अंगाला एकटी राहते, बाकीच्या खोल्या भाड्यानं देते. तिच्या विहिरीचं पाणी मचूळ निघालं. मी तसं म्हटलं, आणि खारवलीचं घर ठरलं.

निकिता विचारते, "मचूळ होतं तं दोन गिलास काहून पेलीस? वयनी सांगत होती."

"लिहून राह्यली का सवाल करून राह्यली?"

"दोन्ही."

तहान लागली होती असं लिही.

१७ नोव्हेंबर

बायका विचारायला आल्या होत्या, समुद्र कसा असतो. मी म्हटलं, "तळ्यावाणीच. थोडा मोठा. पाणी फुकट, मीठ फुकट, अन् दोन्ही कामाचं नाही." हसून हसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. एकीनं विचारलं, "भेव नाही वाटलं?" मी म्हटलं, "पाण्याले कायचं भेव? ते का चावते?" शालिग्राम मागच्या वर्षी धामणीला पाहून बांधावरून पळाला होता, ती गोष्ट मी पुन्हा रंगवून सांगितली. तो पाठमोरा बसून जेवत होता.

द्वारकाकाकूनं आम्हाला आमसुलाचं सरबत केलं होतं ते मात्र मी बायकांना सांगितलं नाही. पाणी नापसंत म्हटल्यावर त्या घरचं काही तोंडात घ्यायचं नाही, ही आमची रीत. मी घेतलं नाही म्हणून ऋषिकेशनं घेतलं नाही, वर्षाराणीनंही नाही. काकूला आमची रीत काय माहीत. भरलेले पेले तसेच आत घेऊन गेली.

२८ नोव्हेंबर

वर्षाराणी आज निघाली. कारंज्याची पोर, लग्नाला वर्षच होत आलंय. आवाज इतका बारीक की तिनं भाजीला फोडणी दिली तर फोडणीचाच आवाज मोठा. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, मिरच्या, सगळं बांधून दिलं. एसटीत चढताना पाया पडली आणि म्हणाली, "आजी, तुमी लवकर या." मी म्हटलं, "येतो ना, पहिले तू घर लावून घे."

मला कोकणात लवकर जायचं नाही. का ते निकितानं विचारलं. तूर काढायची आहे असं लिही.

२२ डिसेंबर

फोन आला. वर्षाराणीला दिवस गेलेत. शालिग्रामनं पेढे आणायला मोटरसायकल काढली तर तिला किक बसेना, मग पायीच निघाला. मी वर्षाराणीला फोनवर सगळं सांगितलं. वाकू नको, जड उचलू नको, पाणी भरपूर पी. "खारवलीचं पाणी माहं चाखेल आहे. तिकडच्या हवेत घाम येते, तांब्या जवळ ठेवत जाय."

"हव आजी. तुमी म्हटलं म्हणजे झालं."

१९ जानेवारी

ऋषिकेश फोनवर खुशीत होता. त्यांच्या शाळेत एक नवीन मास्तर आले. ते द्वारकाकाकूचं घर घेणार होते. ऋषिकेशनं त्यांना सांगितलं की आमच्या आजीनं ते पाणी मचूळ ठरवलं आहे. त्यांनी घर सोडून दिलं. आता दुसरंही कुणी घेत नाही. "आजी, तुह्या जिभेचं नाव कोकणात झालं."

मी हसले. मग विचारलं, ती काकू काय म्हणाली.

"काय म्हणणार? तिच्या सासऱ्यानं खणेल विहीर आहे ते. चतुर्थीले सारी वाडी तिचंच पाणी नेते म्हणे. त्या दिवसापासून त्या मले रस्त्यात भेटल्या तं खाली पाह्यतात."

आज एवढंच लिही, निकिता. मला ज्वारी निवडायची आहे.

१६ फेब्रुवारी

तांड्यावरचा राजपाल आला. त्याच्या मुलीला, शीलाला, मानोऱ्याकडचं स्थळ आलंय, तिथलं पाणी बाटलीत भरून आणलं होतं. ओसरीवर चारपाच जण बसले. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, नेहमीसारखे. मी घोट घेतला, तोंडात फिरवला. गोड होतं.

"बोल ना माय," राजपाल म्हणाला. "तुह्यावर भरवसा आहे आमचा. डॉक्टरवर नाही तेवढा."

मी म्हटलं, "राजपाल, तुले किती खेप सांगतलं, पाणी हिवाळ्यात चाखत नसतात. पावसाचं पाणी विहिरीत असते तोवर सारीच पाणी गोड लागते. उन्हाळ्यात विहीर उतरली म्हणजे खरं कळते. चैतात आन."

राजपाल म्हणाला, "हव, इसरलोच," आणि बाटली घेऊन उठला.

मी तिथंच बसून राहिले. निकितानं दोनदा चहाचं विचारलं. खारवलीचं पाणी मी दिवाळीत चाखलं होतं.

म्हणजे काय, असं निकिता विचारते. काही नाही. असंच.

१२ मार्च

वर्षाराणीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली. आठवडीबाजार लांब आहे, मासे विकणारी रोज दारात येऊन ओरडते, पाटावर पाणी वाळलं की पांढरं राहतं. मग हळूच म्हणाली, "आजी, आपली डाळ ह्या खेपेले कशी लागली? चार शिट्ट्या केल्या तरी दाणा आख्खाच. चहातलं दूध फाटून राह्यलं. हे म्हणतात, मलेच सैपाक जमत नाही."

माझ्या तोंडाला खारपाणाची चव आली. साठ वर्षांनी.

मी म्हटलं, "डाळ जुनी असन. चिमूटभर सोडा टाकत जाय."

हे मी म्हटलं. लिही, जसंच्या तसं.

८ एप्रिल

ऋषिकेशनं सांगितलं, वर्षाराणीला सहावा सरत आला आणि पायांवर सूज आहे. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, जास्त निघाला. गोळ्या दिल्या आणि मीठ बंद करायला सांगितलं. मी फोन वर्षाराणीकडे द्यायला लावला.

"चपला होत नाहीत, आजी," ती म्हणाली. "ह्यायच्या घालतो." आणि हसली. "मीठ सोडलं मीनं. भाकर आळणी, भाजी आळणी. पण काय सांगू, वरणात एक खडा नाही टाकत तरी खारट लागते. माह्या तोंडालेच चव नाही राह्यली."

"बोट दाबून पाह्य पायावर," मी म्हटलं. "खळगा राह्यते का?"

"राह्यते."

"आराम कर," मी म्हटलं.

९ एप्रिल

काही झालं नाही.

१० एप्रिल

काही झालं नाही. मालेगावचा बाजार होता, गेले नाही.

११ एप्रिल

निकिता म्हणते, आजी, काही झालं नाही हेच दोनदा लिहून अक्षर सुधरत नसतं. तू जेवत नाहीस, बाबांना चिडवत नाहीस, तुला बरं नाही का. शालिग्रामही संध्याकाळी जवळ येऊन बसला. म्हणाला, "माय, माही धामणीची गोष्ट सांग ना." माझ्या मुलानं माझी करमणूक व्हावी म्हणून स्वतःची फजिती ताटात वाढून आणली. मला ती सांगता आली नाही.

१२ एप्रिल

निकिता, दार लावून घे. भाषा हवी तशी कर, पण आता जे सांगते त्यातलं काही झाकू नको. जसं आहे तसं राहू दे.

आंबवेळचं पाणी मचूळ नव्हतं.

निकितानं पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, उचल, नाही तर मला पुन्हा धीर होणार नाही.

आंबवेळच्या अंगणात मी पोचले तेव्हा दम लागला होता, खाली मान घालून पायऱ्या चढत होते. वर आले आणि मान उचलली तर समोर पाणी, आणि त्या पाण्याला पलीकडची कड नाही. मी तळी पाहिली, धरण पाहिलं, पुरातली नदी पाहिली. पाणी कितीही असलं तरी पलीकडे कुणी तरी बैल धूत असतो, एखादी बाई कपडे आपटत असते. इथं पलीकडे कुणीच नव्हतं. आणि ते सगळं हलत होतं, माझ्याकडे येत होतं. मी पडवीचा खांब धरला. द्वारकाकाकूला वाटलं मी खांब बघते आहे. म्हणाली, "फणसाचा आहे, जुना." मी म्हटलं, "वाळवी लागन." पहिलं खोटं तिथंच बोलले.

मग तिनं पाणी आणलं. ताजं शेंदलेलं. मी दोन पेले प्याले, कारण तसं पाणी मी जन्मात प्याले नव्हते. आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. ऋषिकेशला ते घर आवडलं होतं, त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी गोड म्हटलं असतं तर रोज सकाळी दार उघडून ते पाहावं लागलं असतं. मला भीती वाटते असं म्हणायला काय लागत होतं? तीन शब्द. पण मी साऱ्या गावाला भित्रं म्हणून चिडवणारी. पोटच्या मुलाला एका धामणीवरून वर्षभर सोलणारी. ते तीन शब्द मला आले नाहीत, एकच शब्द आला. मचूळ.

मला वाटलं, कुणाचं काय बिघडतं. खारवलीचं पाणीही गोडच लागलं होतं. पण खाडीकाठची विहीर उन्हाळ्यात उतरली की खारी होणार हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं, राजपालला सांगितलंच. तिथं माझ्या ध्यानात आलं नाही की मी येऊ दिलं नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आणि डाळ शिजत नाही म्हटलं तेव्हा तर मला कळलंच होतं. मार्चात. आज एप्रिलची बारा. महिनाभर मी त्या पोरीला ते पाणी पिऊ दिलं, वर सोडा टाकायला सांगितलं. कारण पाणी बदल म्हणावं तर कुठून आण म्हणणार? आंबवेळहून. आणि आंबवेळचं तर मचूळ.

अजून एक. माझी थोरली बहीण गोदा. तिला खारपाणातच दिलं होतं. सातव्या महिन्यात तिच्या पायांवर अशीच सूज आली. बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, मी लहान होते, खेळ म्हणून दाबून पाहायची. ती गेली आणि पोटातलं लेकरूही. तेव्हा पाण्याला कुणी दोष दिला नाही. मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या समोरून कोणतीच पोर अशा पाण्याला जाऊ द्यायची नाही. म्हणून मी चाखत आले. लोकांच्या पोरी वाचवल्या आणि आपलीला मी स्वतः नेऊन बसवलं.

निकिता रडते आहे, म्हणून हे अक्षर असं आलं असेल. मॅडमना सांग आजीची चूक.

१२ एप्रिल, दुपारी

लगेच फोन लावला. निकितानं आवाज मोठा करून मधे ठेवला.

मी म्हटलं, "वर्षा, ते विहिरीचं पाणी आतापासून थेंबभर तोंडात घ्यायचं नाही. चहाले नाही, डाळीले नाही. ते खारं झालं आहे."

"तुमाले तिथून कसं समजलं, आजी?"

"तुह्या डाळीवरून. महिना झाला समजून."

मग मी आंबवेळचं सांगितलं. पाणी गोड होतं, मी खोटं बोलले, समुद्राला भ्याले. निकितानं माझा हात धरला होता. तिकडून मासेवालीची हाक ऐकू आली.

मग वर्षाराणी म्हणाली, "मीई पेली होती ना ते पाणी. मले गोडच लागलं होतं."

"मंग बोलली काहून नाही व?"

"तुमी मचूळ म्हटलं. मले वाटलं, माह्याच जिभेले समजत नाही. अन् इथलं खारट लागे तं म्हटलं, आजीनं चाखेल आहे, म्हणजे आपल्याच तोंडात काही बिघाड आहे. ह्यायले एकडाव सांगतलं तं हेई तेच म्हटले."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं शेवटी विचारलं, "तुमी जेवल्या का, आजी? निकिता सांगत होती, जेवत नाही म्हणून."

२० एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी पाणी तपासायला लावलं. पिण्याच्या कामाचं नाही असं निघालं. गोळ्या चालू आहेत. पाच दिवसांपूर्वी ते दोघं आंबवेळला राहायला गेले.

ऋषिकेश माझ्याशी थोडंच बोलतो. आज निकिताला फोनवर सांगितलं आणि तिनं मला. तो हात जोडून द्वारकाकाकूकडे गेला, सगळं खरं सांगितलं आणि वर म्हणाला की आमच्या आजीमुळं तुमच्या विहिरीचं नाव खराब झालं. काकू म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं हो. इतका घट्ट खांब कुणी पाण्यासाठी धरत नाही. मीसुद्धा लग्न होऊन घाटावरून आले. पहिले सहा महिने पुढल्या दारी आले नाही मी. त्यांनी नुसतं सांगितलं असतं तर मागली खोली दिली असती. तिच्या खिडकीतून डोंगरच दिसतो."

तिला ठाऊक होतं आणि ती बोलली नाही. तिच्या भाड्याच्या खोल्यांना पाच महिने कुलूप, रस्त्यात तीच खाली बघायची, आणि मी इथं ओसरीवर बसून समुद्राच्या गोष्टी सांगत होते. हे ऐकल्यापासून मान वर करावीशी वाटत नाही. निकिता म्हणते, आता तर सगळं ठीक झालं. लहान आहे.

२७ एप्रिल

राजपाल मानोऱ्याकडचं पाणी घेऊन आला, चैत्रातलं. पुन्हा सगळे बसले. मी बाटलीला हात लावला नाही. म्हटलं, माझी जीभ खोटं बोलली आहे, आणि कुठं, कशी, ते सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पण सगळं सांगितलं. शालिग्रामही तिथंच उभा होता. समुद्राला भ्याले म्हटलं तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसला नाही. धामणीचं नावही काढलं नाही.

राजपालनं बाटली खाली ठेवली. "मंग आता पाणी कोणं चाखाव, माय?"

"जिले जलमभर प्याचं आहे तिनं. शीलाले बोलाव."

शीला आली, लाजली, ओढणी सावरून घोट घेतला. सगळे तिच्या तोंडाकडे बघू लागले. तशी नजर पोरीवर पहिल्यांदाच पडली असेल. "फिक्कं आहे," ती म्हणाली. "पण आपल्या तांड्यापेक्षा बरं." मग बापाकडे बघून म्हणाली, "पोरगं काय करते ते पाण्यातून कळत नाही ना, बाबा. तेई इचारा." लोक हसले. मीही हसायला गेले पण तोंड तेवढंच उघडून राहिलं.

१८ मे

आजचं अक्षर वेगळं आहे. निकिता परीक्षेला वाशीमला गेली आहे. काल वर्षाराणी आणि ऋषिकेश उन्हाळ्याच्या सुटीत आले. वर्षाराणी परवा बाळंतपणाला कारंज्याला माहेरी जाईल. सूज बरीच उतरली आहे, रक्तदाबाचं अजून दर आठवड्याला पाहावं लागतं. पायांत स्वतःच्या चपला होत्या. मी आधी तेच पाहिलं.

ती म्हणाली, "निकिता नाही तं मी लिहितो, आजी. सांगा."

मी किल्ली काढून तिला दिली. म्हटलं, लिहायच्या आधी मागचं वाच. ती पेटीपाशी बसून वाचत होती, मी गहू निवडत होते. निवडलेलेच पुन्हा निवडले. एका पानावर ती फार वेळ थांबली. कोणतं पान ते मला कसं कळणार, माझ्यासाठी सगळी पानं सारखीच. वाचून झाल्यावर तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "गोदाआजीचं हे कोणालेच सांगतलं नव्हतं?" मी मान हलवली. ती उठून माझ्याजवळ गहू निवडायला बसली.

ऋषिकेशनं पिशवीतून एक बाटली काढली. द्वारकाकाकूनं माझ्यासाठी विहिरीचं पाणी दिलं होतं. निरोपही होता. "आजींना म्हणावं, आता निवांत बसून पुन्हा एकदा चव घ्या. आणि जूनमध्ये याल तेव्हा मागली खोली झाडून ठेवते."

ओसरीवर सगळे होते. शालिग्राम, ऋषिकेश, दारावरून जाणारी दोन माणसंही थांबली. पितळेच्या पेल्यात पाणी ओतलं. मी घोट घेतला, तोंडात फिरवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गोड आहे. तवाई गोडच होतं."

मी पेला वर्षाराणीच्या हातात दिला. "आता तू पी, अन् तू सांग."

तिनं घोट घेतला. माझ्याकडे पाहिलं, ऋषिकेशकडे पाहिलं. फोडणीपेक्षाही बारीक आवाजात म्हणाली, "बाटलीचा वास येते, आजी."

ऋषिकेश म्हणाला, "अवं, दोन दिवस एसटीत उन्हात होती ते."

"मंग, येतेच तं," ती म्हणाली. ह्या वेळी आवाज थोडा मोठा होता.

मी हे सांगत असताना तिनं पेन थांबवलं आहे. विचारते, हे लिहू का. मी म्हटलं, लिही. आणि हेही लिही की वास मलाही आला होता, तिच्या आधी आला होता, आणि तरी मी गोड म्हटलं.